बसल्याशिवाय निघायचं नाही

रशियातल्या किरोव शहरातल्या बर्फाच्या मनोऱ्यावर सर्वांत वेगात चढण्याचा जागतिक विक्रम करायचाच, या हट्टापायी प्रशिक्षक रोदिओन साव्विच यांनी वसिलिसाला पार सोलून काढलं होतं. तिची वेणी कापली, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडींच्या मुठी किसल्या, लोण्यातली धिरडी बंद केली. "तेवढाच क्षण वाचतो," हे त्यांचं पालुपद.

आज पंचांनी बटण दाबलं, भोंगा वाजला आणि मागून साव्विच किंचाळले, "अगं थांब! घरून निघताना आपण बसलोच नाही!"

प्रवासाला निघण्याआधी घटकाभर गप्प बसायचं, नाहीतर अपशकुन, हे वसिलिसाच्या हाडीमाशी खिळलेलं. विचार करायच्या आत तिने बर्फात बसकण मारली. साव्विच बसले, प्रेक्षक बसले, पंचसुद्धा टोपी काढून बसले. घड्याळ तेवढं परदेशी होतं, ते बसलं नाही.

मग ती उठली आणि मांजरीसारखी सरसर वर गेली. विक्रम हुकला, तोही बरोबर बसण्यात गेला तेवढ्याच वेळाने.

खाली येताच ती उसळली, "माझी वेणी कशाला कापलीत मग?"

"कृतघ्न कार्टी! बसलीस म्हणून तर पडली नाहीस!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत आधी पंचांनी.

"पडले असते तर निदान वेगात पडले असते!" असं म्हणत वसिलिसाने पिशवी उचलली आणि ती तणतणत घरी निघाली. अर्थात, आधी घटकाभर बसून.