शंभरावा अंगठा

मंगली फाटकातून आत येताना दिसली तसं शालीकराम मास्तरांनी हातातलं वर्तमानपत्र घाईघाईनं घडी करून मांडीखाली घातलं. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण गेली तीन-चार वर्षं मंगली दिसली की मास्तरांचे हात काही ना काही लपवायला धावायचे, आणि जो कागद खरंच लपवायला हवा होता तो आतल्या ट्रंकेत निवांत पडलेला असायचा.

"बसतो जी मास्तर," म्हणून मंगली ओसरीच्या काठावर टेकली. जमुनाबाईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि पाण्याचा गडवा आणून तिच्यापुढं ठेवला.

मंगली आधी पाणी प्यायली, मग तिनं सांगायला घेतलं. परवा मतदारयादीवाली प्रेरणा त्यांच्या टोलीवर, गावाबाहेरच्या वस्तीत, आली होती. घरोघर नावं वाचून दाखवली. तिच्या नवऱ्याचं, मंगरूचं नाव आलं तेव्हा मंगलीच म्हणाली की तो गेला, चौथं वर्ष लागलं. पोरीनं लाल पेनानं रेघ मारली. रेशनकार्डातून तर तो केव्हाच निघाला होता. मंगली दोन दिवस त्या रेघेचाच विचार करत बसली आणि मग तिला आठवलं, की मंगरूचा एक अंगठा मास्तरांच्या दिल्लीच्या कागदावर आहे.

"तेवढ्याच कागदावर राह्यला तो आता," ती म्हणाली. "मले त्याचा अंगठा पाहाचा हाय."

मास्तर उठले खरे, पण ट्रंकेपर्यंतचं दहा पावलांचं अंतर त्यांना फार झालं.

त्या कागदावरून गाव त्यांना 'राष्ट्रपती' म्हणत असे. बिरसीच्या विमानतळापलीकडच्या या गावात त्यांनी तीस वर्षं टपाल कार्यालय चालवलं, निवृत्त झाले, आणि एका उन्हाळ्यात पेपरात वाचलं की पस्तीस वर्षांवरचा कोणताही नागरिक राष्ट्रपतिपदासाठी उभा राहू शकतो. कोणताही, असंच छापलं होतं. मास्तर छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवणारे गृहस्थ. त्यांनी अर्जाचा नमुना मागवला. पन्नास सूचक हवे, पन्नास अनुमोदक हवे, आणि सगळे मतदार असावेत, असं त्यात होतं. गावात मतदार आठशेच्या वर! मास्तरांनी ओळीनं शंभर नावं सुवाच्य अक्षरात लिहून काढली आणि शाईचं पॅड घेऊन भर उन्हात निघाले. ज्यांना येत होतं त्यांनी सह्या केल्या, उरलेल्यांनी अंगठे दिले. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, हा टपालातला नियम मास्तरांनी एकदाही मोडला नाही.

दिल्लीत एका अधिकाऱ्यानं पानं उलटली. त्यानं या लोकांबद्दल विचारलं आणि मास्तरांनी अभिमानानं सांगितलं, मतदार. अधिकारी भला होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावलं, की या निवडणुकीत मतदार म्हणजे खासदार आणि आमदार. सही त्यांची लागते. कागद परत मिळाला. गाव आठवडाभर हसलं, मग मास्तरही हसले, आणि ती गोष्ट तिथंच मिटली असती.

पण शंभरावं नाव मंगरूचं होतं. मंगरू सोमा उईके चौदा वर्षं मास्तरांच्या शेतावर राबला होता. त्याचा अंगठा म्हणजे घरचाच, म्हणून मास्तरांनी तो शेवटी ठेवला. भर दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन त्यांनी पॅड उघडलं आणि डावा अंगठा दे म्हणाले. मंगरू पॅडकडे बघत राहिला, दोन्ही हात मागं नेले आणि म्हणाला, "नाही जी मास्तर." कारण विचारलं तर खाली बघून उभा. चौदा वर्षांतलं त्याचं ते पहिलं 'नाही'. मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं. पाचव्या दिवशी मंगरूच्या डोक्यात ऊन चढलं आणि दवाखान्यात न्यायच्या आतच तो गेला.

मास्तरांनी त्याच्या नावापुढं स्वतःचा डावा अंगठा उठवला. कारण त्यांच्याकडं तयार होतं: नाव आधीच लिहिलेलं होतं आणि अर्जात खाडाखोड नको. दुसरं कारण त्यांनी जमुनाबाईंनासुद्धा सांगितलं नाही. त्यांना मंगरूचं 'हो' हवं होतं. गावात त्यांनी सांगितलं की जायच्या आधी मंगरूनं अंगठा दिला. मंगलीला ते ऐकून दुःखातही बरं वाटलं होतं.

तेव्हापासून मास्तर दुपारचे शेताकडं फिरकत नसत. धुऱ्यावर कोणी नसताना पाठीमागून "नाही जी मास्तर" ऐकू यायचं. त्या आवाजात राग नसायचा, आणि त्याचीच मास्तरांना जास्त भीती वाटायची. कागदावरचे बाकीचे अंगठे विटून तपकिरी पडले, शंभरावा मात्र निळाच दिसे. शाई एकच आहे, तुमचे डोळे गेले, असं जमुनाबाई म्हणत. कागद जाळावा म्हणून मास्तर दोनदा चुलीपर्यंत गेले होते आणि नव्व्याण्णव माणसांची नावं बघून परत आले होते.

आज सांगून टाकायचं, असं मनाशी ठरवून त्यांनी कागद ओसरीवर पसरला. मंगलीनं पदराला हात पुसले. मास्तरांनी बोट ठेवून जागा दाखवली. ती वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. बिरसीच्या शिकाऊ विमानानं गावावरून घिरटी घातली.

"हा कोणत्या हाताचा जी?" तिनं विचारलं.

मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "डाव्या. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा."

मंगलीनं मान वर केली. "त्याच्या डाव्या हाताले अंगठा कुठं होता, मास्तर?"

लहानपणी लाकडं फोडताना कुऱ्हाड बसली होती, ती सांगू लागली. चार बोटंच राहिली. लाजायचा फार. हात गमछ्यात गुंडाळून ठेवायचा, पोस्टातलं काम निघालं तर तिलाच पाठवायचा, मास्तर सगळ्यांसमोर अंगठा मागतील म्हणून.

मास्तर मंगरूचा हात आठवायला लागले. त्यांना त्याचं चालणं आठवलं, पेंढ्या बांधताना वाकलेली पाठ आठवली, चहाची कपबशी घेताना तो अंगणात कुठं बसायचा तेही आठवलं. हात काही केल्या आठवेना. चौदा वर्षं तो हात त्यांच्या डोळ्यांपुढं हलत होता. त्यांनी मदतीसाठी जमुनाबाईंकडं पाहिलं. जमुनाबाई म्हणाल्या, "मले माहीत होतं. तुमालेबी माहीत असन, असं वाटलं."

"मंगली," मास्तर म्हणाले, "तो अंगठा माझा हाय."

"हो. समजलं मले."

ती रागावेल, रडेल, गावभर सांगेन म्हणेल, अशी मास्तर वाट बघत राहिले. त्यांना ते चाललं असतं. मंगलीनं फक्त एवढंच विचारलं, की नाव तरी त्याचंच आहे ना. मास्तरांनी तिन्ही शब्द वाचून दाखवले. तिनं पुन्हा वाचायला लावले, आणि प्रत्येक शब्दाखाली हळूच बोट फिरवलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, फाटकापर्यंत गेली आणि वळली.

"तुमी त्याले डावाच मागतला असन," ती म्हणाली.

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"उजवा मागतला असता तं देल्ला असता त्यानं."

फाटक लावून घेऊन ती गेली. जमुनाबाई रिकामा गडवा उचलून आत वळल्या. मास्तर कागदापुढं बसून राहिले, आणि दुपार टळून गेली तरी त्यांना त्याची घडी घालता आली नाही.