उधईचं पाणी

नागुबाईनं बाजाराची पिशवी दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवली, तर खिळा पिशवीसकट खाली आला. त्याच्याबरोबर वीतभर लाकूडही आलं. लाकूड म्हणायचं तेवढंच. वरचा निळा रंग पापुद्र्यासारखा शिल्लक होता आणि आत नुसते मातीचे पदर. त्यातले पांढरे, मऊ किडे उजेड लागताच आतल्या अंधाराकडे पळत सुटले.

"पंचशीला! आगं ए पंचशीला! हिकडं ये, माझं दार खाल्लं गं उधईनं!"

पंचशीला शेजारच्या घरातून कणकेच्या हातानं तशीच आली. ती अहमदपूरच्या एका शाळेत शिक्षिका होती. नवरा रामकिशन लातूरला, नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत. तो शनिवारी एसटीनं यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. तालुका जुन्या जिल्ह्यातून लातुरात आला तसे गावात नोकरदार वाढले आणि गावाबाहेरच्या टेकडीच्या उतारावर ही वसाहत उठली. उतार तोडून, झुडपं गाडून, भराव टाकून तीन आळ्या बांधल्या होत्या. अगदी वर पाण्याची टाकी, खालच्या आळीपासून पुढं उघडा माळ.

पंचशीलानं चौकटीतली माती चिमटीत घेतली. दुसरं कुणी असतं तर हात झटकला असता. तिनं ती बोटांत चुरली, नाकाशी नेली.

"मावशी, ही ओली हाय."

"मग? माती ती मातीच की."

"आवो, गावात प्यायला पाणी न्हाई. हिरी आटल्या, आपल्या नळाला धड घागर भरत न्हाई. आन् हिला माती कालवायला पाणी कुठून मिळून राहिलं?"

नागुबाईला हा प्रश्न अजिबात महत्त्वाचा वाटला नाही. तिला दाराची काळजी होती. तिचा नवरा सटवाजी गावाकडची शेती भावावर सोपवून मुलाच्या नोकरीपायी इथं राहायला आला होता. त्याला या वसाहतीतलं काहीच पसंत नव्हतं. त्यानं बाहेर येऊन चौकट पाहिली, भिंतीवरून चढलेली मातीची बारीक नळी पाहिली. ती नळी दोन्ही घरांमधल्या कुंपणाखालून आली होती.

"तुमच्याच अंगणातून येती ती," तो पंचशीलाकडे न बघता म्हणाला.

"माझ्या अंगणात कुठून आली, तेच बघायचंय मामा," ती म्हणाली.

सटवाजीनं चौकटीत रॉकेल ओतलं. दोन दिवस घरभर वास राहिला. मग उधई चौकट सोडून वरच्या फळीवर निघाली आणि तिथल्या घोंगडीला लागली. पलीकडच्या कस्तुराबाईनं मिठाचं पाणी करून पाहिलं, कुणी कडुनिंबाचा पाला उकळला. बाजारातून पांढरी पावडर आणून काही जणांनी उंबऱ्याला पसरली. उधई एका जागी दबायची, दुसऱ्या जागी निघायची. त्यातच खालच्या आळीत पाण्यावरून भांडणं लागली होती. त्यांच्या नळाला थेंब येत नव्हता. मधल्या आळीचे लोक पाणी ओढून घेतात असं ते म्हणायचे, आणि मधल्या आळीवाले वरच्या आळीकडे बोट दाखवायचे.

पंचशीला शाळेतून आली की घरोघर जाऊन चौकटी बघू लागली. बायका हसायच्या. "मास्तरीणबाई, आमच्या दाराची परीक्षा घेता का काय?" पण दार दाखवायच्या. बघता बघता तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. वरच्या आळीत उधई नव्हतीच. खालच्या आळीतही नव्हती. होती ती फक्त मधल्या आळीत, तीही टोकाच्या पाच-सहा घरांत.

"नागुबाईनं भिंतीला तुराट्यांचा ढीग लावलाय, त्यानं येती," कस्तुराबाई म्हणाली.

"ढिगानं तिला खायला मिळतं, हे खरं," पंचशीला म्हणाली. "पण तुमच्याकडं ढीग न्हाई. तुमच्याकडं कामून आली मग?"

शनिवारी रामकिशन आला तेव्हा ती कुंपणापाशी बसून जमिनीत पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या खोचत होती.

"हे काय करून राहिलीस?"

"उधईला जेवण वाढलंय. कुठं आधी जेवती ते बघायचंय."

"चौकट बदलून घेऊ म्हणतो मी. नागुमावशीलाही सुतार गाठून देऊ. संपलं."

"नवी चौकट तिला जुनीपेक्षा गोडच लागल," पंचशीला म्हणाली. "तिचं खाणं समजलं. पाणी कुठलं ते समजंना."

रामकिशन हसला, पण पायातले बूट काढून तोही काड्या खोचायला बसला. कस्तुराबाईच्या मागं, नागुबाईच्या गोठ्याजवळ, त्याच्या वरच्या अंगाला पडलेल्या दगडांच्या राशीपाशी, रस्त्याच्या कडेला, जिथं लोकांनी नाही म्हटलं नाही तिथं तिनं काड्या खोचल्या.

आठवड्यानं त्या उपटून पाहिल्या. रस्त्याकडेच्या काड्या खोचल्या तशाच कोरड्या निघाल्या. पण गोठ्यापासून दगडांच्या राशीपर्यंत तिरप्या रेषेत ज्या काड्या होत्या, त्यांच्यावर ओल्या मातीचं लिंपण चढलं होतं. राशीजवळची काडी तर हातात येईना. खालचं टोक पार खाऊन झालं होतं. पंचशीला ती रेषा डोळ्यांनी वर नेत गेली. रेषा टाकीकडे जात होती.

टाकीची चावी फिरवणारा शरणप्पा उदगीरकडचा. तिनं त्याला विचारलं, "दादा, पाण्याची लाइन या राशीखालून जाते का?"

"नाही अक्का. लाइन रस्त्यानं जाते. मी रोज बघतो ना."

"रोज चावी बघता. लाइन बघितली का?"

शरणप्पानं राशीकडे पाहिलं. "लाइन टाकली तेव्हा मी इथं नव्हतो," तो म्हणाला. मग त्यालाही राहवेना. त्यानं घरून पहार आणली आणि राशीपाशी जमिनीत ठोकून रोवली. "मी वर जाऊन चावी सोडतो. तुम्ही पहारीला कान लावा. लाइन फुटली असेल तर लोखंडातून आवाज येतो. नसेल तर तुमचा कान तेवढा तापेल."

उन्हात पहार खरंच तापली होती. पंचशीलानं पदर मध्ये घेऊन कान टेकवला. आधी काहीच नाही. मग वर टाकीपाशी शरणप्पानं हात हलवला, आणि थोड्या वेळानं पहारीतून एक बारीक, न थांबणारा आवाज येऊ लागला. भाकरी तव्यावर टाकल्यावर येतो तसा.

"मावशी! लवकर या!"

नागुबाई आली, बसली, कान लावला. तिचे डोळे मोठे झाले. "आगं बया! हे तर कुणी कानात बोलून राहिलंय!" तिनं सटवाजीला हाक मारली. त्यानं ऐकलं. कस्तुराबाईनं ऐकलं. बघता बघता लोक रांगेनं बसून पहारीला कान लावू लागले. खालच्या आळीचे लोक आले, त्यांनीही ऐकलं. ज्या पाण्यावरून ते महिनाभर भांडत होते, ते इथं जमिनीत मुरत होतं.

दगडांची रास हलवली आणि खणायला सुरुवात झाली. सटवाजी सगळ्यांत पुढे. शेतकऱ्याचा हात, कुदळ सरळ पडत होती. दोन हात खाली माती काळी आणि चिकट लागली. पंचशीलाच्या घरून पाण्याचा तांब्या आला. शेजार लागल्यापासून नागुबाई तिच्या पायरीवर बसायची, पण चहा-पाण्याला "आत्ताच झालं" म्हणायची. का, ते दोघींनाही माहीत होतं आणि बोलणं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी नागुबाईनं मातीनं भरलेला हात पुढे केला, तांब्या घेतला आणि वरून घटाघटा प्यायली. पंचशीलानं तांब्या परत घेतला आणि सटवाजीला दिला. त्यानंही घेतला.

कुदळीचा पुढचा घाव पोकळीत गेला. वारुळाचं पोट उघडं पडलं. आत राखाडी, जाळीदार गोळे मधाच्या पोळ्यासारखे एकावर एक रचलेले, आणि त्यांच्यामधून हजारो पांढऱ्या किड्यांची पळापळ. मधोमध मातीची एक चपटी, कठीण डबी होती. शरणप्पानं ती पहारीच्या टोकानं फोडली. आत अंगठ्याएवढी जाड, पांढरट, तपकिरी पट्ट्यांची, अळीसारखी दिसणारी उधईची राणी पडलेली होती. तिला जागचं हलता येत नव्हतं. तिचं अंग मात्र लाटेसारखं हलत होतं आणि भोवतीचे किडे तिच्यापासून दूर जात नव्हते.

सटवाजीनं कुदळ उचलली.

"थांबा," नागुबाई म्हणाली. "बघू द्या पोरीला."

पंचशीला खड्ड्यात उतरून गुडघ्यावर बसली. तिनं पुस्तकात राणीचं चित्र पाहिलं होतं, पण चित्रात हे अंग असं हलत नव्हतं. दारं पोखरली, घोंगडी खाल्ली, ती या एवढ्याशा जिवाच्या पोटी जन्मलेल्यांनी. तिला किळस आली नाही, दयाही नीटशी आली नाही. एवढं सगळं अंधारात चाललं होतं आणि आपण त्याच्यावर घरं बांधून राहत होतो, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

"झालं बघून?" सटवाजीनं विचारलं. आवाज नरम होता.

"झालं मामा."

तो पावडरचा डबा घेऊन आला. राणीवर त्यानं स्वतःच्या हातानं टाकली आणि नंतर बराच वेळ हात धूत राहिला.

पोकळीच्या खाली पाइपाचा सांधा निघाला. रस्त्यानं न नेता लाइन तिरपी टाकून कुणीतरी वाट वाचवली होती. सांधा नीट बसला नव्हता आणि भराव खचला तसा तो सुटत गेला होता. दुरुस्ती झाली. खालच्या आळीत नळाला पाणी आलं, तेव्हा तिथल्या बायका वरपर्यंत ऐकू येईल अशा ओरडल्या.

सगळं इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण वारूळ एकच नव्हतं. भरावात गाडलेल्या झुडपांच्या मुळांशी आणखी होती. जमीन वाळू लागली तशी उधई ओलावा शोधत घरांत शिरली. माठाखालच्या तिवईला लागली, मोरीच्या दाराला लागली. पंचशीलाच्या घरी पलंगाचा पाय पोकळ झाला आणि रामकिशन बसला तेव्हा पलंग एका बाजूला कलला.

"बाई, उधईला पाणी तोडलं, आता ती आपल्या घरी प्यायला आली," कस्तुराबाई म्हणाली. पंचशीलाला ते लागलं, कारण ते खरं होतं.

आता मात्र तिला काय करायचं ते कळत होतं. नागुबाईच्या तुराट्या भिंतीपासून लांब, दगडांवर रचल्या. प्रत्येक घराच्या पायाशी हातभर खोल चर खणला, त्यात औषध मिसळलेलं पाणी टाकलं आणि माती लोटली. त्या पाण्यासाठी खालच्या आळीतून घागरी आल्या. मोरीचं सांडपाणी भिंतीशी साचू न देता दूर काढलं. माठ लाकडावरून काढून विटांवर ठेवले. आणि सकाळी उठल्यावर भिंतीवर नवी नळी दिसली की झाडणीच्या बुडख्यानं मोडायची, हे सगळ्यांना सांगितलं. काहींनी केलं, काहींनी केलं नाही. ज्यांनी केलं त्यांच्या नळ्या महिन्याभरात कमी झाल्या. कस्तुराबाईनं केलं नाही. तिच्या मोरीचं दार गेलंच.

सटवाजीला या कामाची गोडी लागली. रोज सकाळी तो मधल्या आळीतून चौकटी बोटानं ठोकत जायचा आणि आवाजावरून निदान सांगायचा. कधी चुकायचाही. एकदा त्यानं शरणप्पाचं धडधाकट दार पोकळ ठरवलं आणि शरणप्पानं ते भीतीपोटी उतरवून पाहिलं.

चैत्र सरत आला तेव्हा एका सकाळी पंचशीला मागच्या अंगणाच्या टोकाला वाळलेली गोवरी उलटत होती. खाली चार-दोन पांढरे किडे दिसले. औषधाचा डबा हाताशीच होता. पण घरापासून ही जागा बरीच लांब होती. तिनं गोवरी हलकेच परत ठेवली, पुन्हा जरा उचलून पाहिली, आणि कुंपणावरून हाक मारली, "मावशी, या बरं हिकडं. ह्या आता कुठून पाणी आणत्यात, बघू."