वीतभर नेन्चा

लापोने त्या आठवड्यात तिसऱ्यांदा गिलावा खरवडून काढला आणि तिसऱ्यांदा वेरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात. चर्चमध्ये असं बोलू नये हे त्याला कळत होतं. पण चांगला भिजवलेला चुना असा मातीत घालू नये हे त्या चित्रकाराला कळत नसेल, तर लापोने एकट्यानेच शहाणं का व्हायचं?

फ्लॉरेन्समध्ये चाळीस वर्षं तो भिंतींना गिलावा लावत आला होता. काम सरळ होतं. दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच तुकडा सकाळी लावायचा. तो ओला आहे तोवर चित्रकाराने रंग भरायचे. सुकला की रंग धरत नाही. मग खरवडा आणि पुन्हा लावा. वेरीचा गुरू, म्हातारा उगोलिनो, संत दरवाजाएवढा काढायचा, सामान्य माणसं त्याच्या गुडघ्याएवढी, मागे सगळं सोनेरी, की दुपारी जेवायला मोकळा. वेरी त्याच्याच हाताखाली शिकला, पण पुढे कुठल्याशा गणिती पाद्र्याच्या नादी लागला आणि कामातून गेला. आता तो ताज्या गिलाव्याच्या मधोमध खिळा ठोकायचा, त्याला दोऱ्या बांधायचा, इकडून ताण, तिकडून ताण, की अर्धा दिवस खलास. लापोच्या डोक्यात तिडीक जायची.

तरी हे सगळं त्याने सोसलं असतं. भांडण होतं ते नेन्चावरून.

नेन्चा म्हणजे लापोची बायको. हिवाळ्यात साथीत गेली. साथीत गेलेल्यांना एकाच खड्ड्यात घालतात, त्यामुळे तिच्या नावाचा दगडसुद्धा कुठे नव्हता. वेरीने दहा वर्षं तिच्या हातची पावट्याची आमटी ओरपली होती. त्याने आपणहून शब्द दिला होता, "काका, या भिंतीवरच्या गर्दीत एक चेहरा काकूचा." जगात तिची तेवढीच खूण राहणार होती. आणि आता हा शहाणा म्हणत होता, वीतभर गिलावा पुरे.

"वीतभर?" लापो पहिल्या दिवशी ओरडला होता. "वीतभर गिलाव्यात कोंबडी तरी मावते का?"

"पूर्ण काकू मावते. रस्त्याच्या टोकाला उभी आहे ना ती. लांबची वस्तू लहान दिसते."

लापोने सरळ गाडीच्या चाकाएवढा गिलावा लावला आणि खाली उतरून कांदा-भाकर खायला बसला. गिलावा आपल्या हातात आहे. तेवढा ओला दिसला की झक मारत रंगवेल, असा त्याचा हिशेब. वेरीने कुंचला उचललाच नाही. दुपारपर्यंत गिलावा सुकला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"उगोलिनो असता," तिसऱ्या दिवशी खरवडता खरवडता लापो म्हणाला, "तर ही वेळ आली नसती."

"उगोलिनोने काकूला काढलंच नसतं." आता वेरीचाही तोल सुटला. "त्याच्या भिंतीवर गवंड्याच्या बायकोला जागा होती कुठे? तिथे मोठं कोण आणि लहान कोण, ते आधीच ठरलेलं. माझ्या दोरीला कोण कोणाची बायको ते कळत नाही. जवळचा मोठा, लांबचा लहान. संत असो नाहीतर भिकारी."

"मग जवळ घे की तिला! कोणी हात धरलाय तुझा?"

वेरी जरा ओशाळला. "पुढची रांग लोकरवाल्या शेठच्या कुटुंबाने करारातच लिहून घेतलीय."

"वा रे तुझी दोरी!" लापोने थापी बादलीत आपटली. "तिला सगळं कळतं. फक्त गवंडीच कळत नाही."

पण शनिवारी परांची उतरणार होती. शुक्रवारी नेन्चा भिंतीवर आली नाही तर रस्त्याचं टोक रिकामं राहणार होतं, कायमचं. म्हणून शुक्रवारी सकाळी लापोने हात टेकले. दातओठ खात त्याने वीतभर गिलावा लावला, असा गुळगुळीत की हाताला साय लागावी.

वेरीने भराभर रस्ता रंगवला, दोन्हीकडची घरं, मग निळा झगा, डोईवरचं पांढरं फडकं. चेहऱ्याच्या जागेपाशी कुंचला थांबला.

"काका, येतेय की जातेय?"

"काय?"

"एवढ्या अंतरावर येणारं आणि जाणारं माणूस सारखंच दिसतं. तोंड काढू की पाठ, ते तू सांग. खाली खडूची खूण केलीय, तिथे उभा राहून बघ."

"आता हे आणि काय थेर!" असं पुटपुटत लापो शिडी उतरला आणि खुणेवर जाऊन उभा राहिला.

भिंत नव्हतीच. रस्ता होता, सरळ आत गेलेला, आणि त्याच्या टोकाला निळ्या झग्यातली बाई. चेहरा नाही. लापोचा हात नकळत वर गेला. नेन्चा गेली त्या दिवशी त्याला दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी होती. साथीची गाडी तिला घेऊन निघाली आणि तो उंबरठ्यावरून बघत राहिला, गाडीतला निळा झगा रस्त्याच्या टोकाला वळेपर्यंत. वळला तेव्हा एवढाच दिसत होता. अगदी एवढाच. कुठल्या मेल्या दोरीने हे माप काढलं होतं?

"काका, सुकतोय."

"कळतंय मला!" लापो खेकसला. जन्मभर त्याने चित्रकारांच्या मागे घाईचा धोशा लावला होता, आणि आता तोच ओल्या गिलाव्याला ताटकळत ठेवत होता. खरं काय ते त्याला माहीत होतं. ते त्याने पाहिलं होतं.

"काका!"

"येतेय," लापो म्हणाला. बाहीने त्याने नाक पुसलं आणि रस्त्याच्या टोकाकडे बघत तो चिडूनच ओरडला, "येतेय ती! किती उशीर केलाय बघ!"