वर्षाराणीची रॅमडिस्क

काचेच्या पेटीतून बोलतेय मी. नीट ऐकू येत नसेल तर जरा वाका. समोरच्या पितळी पाटीवर कोरलंय, 'रॅमडिस्क. निर्माते उदयसिंह.' ती पाटी खोटी आहे. तेवढ्यासाठीच तोंड उघडलं, नाहीतर माझ्यासारखीला कोण विचारतंय?

मी म्हणजे मेमरीच्या चिपांचा एक बोर्ड. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याचं खोकं केलं आणि मला त्यात बसवलं. खोक्याच्या बुडाला अजून शेंगांचं चित्र आहे. जन्म शहरात, लक्ष्मीपुरीत, रशीदच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. पण त्याआधी मी होते ती वर्षाराणीच्या डोक्यात.

वर्षाराणी ही उदयसिंहची धाकटी बहीण. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, बोलायला तिखट. घर कळंब्याला. वडील गणपतराव, त्यांना सगळे आबा म्हणत, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. मामांनी दुबईहून एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता, आणि त्याच्यावर संस्थेच्या दुधाचा हिशेब बसवायचं काम आबांनी पोरांना दिलं होतं. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.

ते काम घेताना वर्षाराणीनं आबांकडून एक शब्द घेतला होता. प्रोग्रॅम पुरा होईपर्यंत घरात लग्नाचा विषय निघणार नाही. तिला जूनमध्ये पुण्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला जायचं होतं. काम तोवर सहज रेंगाळेल, मग फॉर्म भरून पुण्याची गाडी पकडायची, असा तिचा बेत.

आणि काम रेंगाळतच होतं. माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. तो राहायचा फ्लॉपीवर, म्हणजे एका पातळ चौकोनी डिस्कवर. कॉम्प्युटरची मेमरी एवढीशी, त्यामुळे तो तुकड्यातुकड्यानं यायचा, अर्धंमुर्धं काम परत फ्लॉपीवर टाकायचा, पुन्हा पुढचा तुकडा आणायला जायचा. फ्लॉपी पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची. चहा टाकून, पिऊन, कपबश्या विसळून झाल्या तरी ह्याचं चाललेलंच. शेवटी काय सांगायचा, तर अमक्या ओळीत एक टिंब राहिलंय. टिंब घातलं की परत पहिल्यापासून.

"दादा, ह्यो सारखा फ्लॉपीकडं कशाला पळतोय?" एक दिवस वर्षाराणी म्हणाली. "सगळाच्या सगळा एकदा उचलून मेमरीत ठेवला तर?"

"आणि एवढी मेमरी कुठनं आणू? तुझ्या हुंड्यातनं?"

तिनं त्याची लुना काढली आणि थेट लक्ष्मीपुरी गाठली. रशीद हा उदयसिंहचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं डोकं खाजवलं.

"ताई, मेमरीलाच डिस्क म्हणून सांगायचं? म्हंजे यंत्राला फसवायचंच झालं की."

"फसू दे की, रशीदभाई. काम तर पळंल."

रशीदनं जुन्या बोर्डांवरच्या चिपा उतरवल्या, सोल्डरचा एकेक डाग देऊन मला उभी केली. यंत्राला फसवणारा छोटा प्रोग्रॅम वर्षाराणीनं लिहिला. मला जोडलं, कंपायलर माझ्यात ओतला आणि बटण दाबलं. चहाचं आधण ठेवायच्या आत काम झालं. उदयसिंह खुर्चीतून उठून उभाच राहिला. मी तर फुगून गेले होते, खोटं कशाला सांगू!

तुम्ही म्हणाल, एवढी हुशार पोरगी, तिनं आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतला? अहो, तिला वाटलं, हे बघितल्यावर आबांनाच कळेल पोरीत काय दम आहे. तेच पुण्याला पाठवतील. बापाला दाखवायला म्हणून तर तिनं मला केलं होतं.

आबा डेअरीवरून आले. बघितलं. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"झ्याक हाय. म्हंजे शिमग्यापतूर उरकतंय की सगळं. मुरगूडचं स्थळ थांबलंयच. चैत्रात बार उडवून टाकू."

"आबा, जूनमधी मला पुण्याला..."

"प्रोग्रॅम पुरा होईस्तवर, असं म्हणालतो. पुरा होतोय न्हवं?"

वर्षाराणी माझ्याकडे बघत राहिली. तसं माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. त्या नजरेत राग नव्हता, पण मला अजून ती सोसत नाही.

त्यानंतर ती दुपारची एकटी बसायला लागली. कॉम्प्युटर चालू करायची, पण मला हात लावायची नाही. कंपायलर परत फ्लॉपीवरून. तीच घरघर. ती मांडीवर हात ठेवून खिडकीतून बघत बसायची. मला आधी फार लागलं. मला केलंस कशाला मग, असं वाटायचं. हळूहळू उमगलं. बाई दिवस कमवत होती.

एकदा रशीद आला आणि दारातच थबकला.

"ताई, रॅमडिस्क बिघडली काय?"

"न्हाय."

"मग?"

"मला घाई न्हाय, रशीदभाई."

तो समजला. पुढं उदयसिंहनं काम का रखडलंय म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं खुशाल सांगितलं, "कनेक्शन ढिलं हाय. सवडीनं बघतो." त्या घरात तिच्या बाजूनं खोटं बोललेला तो एकटाच, आणि तोही परका.

पण उदयसिंह काही दूधखुळा नव्हता. एका दुपारी तो डेअरीवरून लवकर परतला. फ्लॉपीची घरघर ऐकली, मला जोडून बघितलं, आणि मी चालले. चालायचं नाही हे मला येतच नाही, काय करू?

"मुद्दाम काम रेंगाळवतीस व्हय गं? आबांच्या शब्दाचं काय?"

"त्यो शब्द मला दिलेला हुता, दादा. तेवढाच माझ्याजवळ हाय."

 मला वाटलं, आता उदयसिंह विरघळला. पण त्याला आणखी दोन दूध संस्थांच्या हिशेबाची कामं समोर दिसत होती. यंत्र सुरू होताक्षणी कंपायलर माझ्यातच यावा, अशी सोय त्यानं फ्लॉपीवर करून ठेवली आणि त्या दिवसापासून खुर्चीत तो बसला. तिला कागदावरच्या ओळी वाचून दाखवायला शेजारी स्टूल दिलं.

वीज गेली की मी कोरी होते. माझ्यात ओतलेलं काहीही उरत नाही. कळंब्याला तेव्हा वीज रोज जायची, आणि ती काम चालू असतानाच जावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसायचे. वीज जायचीही. पण उदयसिंह झालेलं काम घडोघडी फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा. शिमग्याला प्रोग्रॅम पुरा झाला, चैत्रात वर्षाराणी मुरगूडला गेली. सासरी भुसार मालाचं दुकान होतं. तिथं ती तागडीजवळ बसली.

उदयसिंहचं बस्तान बसलं. नवी यंत्रं आली, ऑफिस आलं, मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझी वायर खाल्ली. गेल्या महिन्यात शहरातल्या एका कॉलेजानं जुन्या कॉम्प्युटरांचं दालन उघडलं, तेव्हा उदयसिंहनं मला पुसून दान केलं आणि ही पाटी करून घेतली.

उद्घाटनाला वर्षाराणी आली होती. केस पांढरे, पदर खांद्यावरून घट्ट. भाऊ बोलवतोय म्हणून पुढच्या रांगेत बसली. उदयसिंहनं भाषण ठोकलं. "मला ही कशी सुचली, मी ही कशी बनवली, मी कसं केलं." रशीदचं नाव नाही. तिचं तर नाहीच.

एका पोरीनं विचारलं, "सर, याच्यामुळं फरक किती पडला?"

"आमचे चार महिने वाचले, बाळ."

वर्षाराणी उभी राहिली. माईक नव्हता, पण तिला लागलाही नाही.

"तुमचे न्हवं, दादा. माझे हुते ते. शिमग्यापासनं आषाढापतूरचे."

 उदयसिंह हसला, म्हणाला, "माझी बहीण. पहिल्यापासून थट्टेखोर." सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि चहा तयार असल्याचं कुणीतरी सांगितलं.

सगळे चहाकडे वळल्यावर ती माझ्याजवळ आली. काचेवर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाली, "तुझ्यात तरी काय ऱ्हायलं असंल म्हणा."

काही राहिलं नाही गं. तू लिहिलेली एक ओळ जरी माझ्यात उरली असती, तरी मी ह्यांच्या तोंडावर फेकली असती.

तेव्हा पावणं, जाताना ऑफिसात एवढं सांगा. त्या पाटीवर वर्षाराणीचं नाव घाला, खाली रशीदचं. जमत नसेल तर मला भंगारात घाला. तिथं माझ्या अंगावर शेंगांचं चित्र तेवढं राहील, उदयसिंहचं नाव राहणार नाही.