उजव्या पाकळीवरच्या मुंग्या

"सात कागद!" गणपत महाराज डोळे मिटूनच गरजले. "सहा छापील आणि सातवी हाताने लिहिलेली चिठ्ठी! खोटं असेल तर बोल, बाई!"

सुभद्राकाकीने तांबड्या फडक्याचं गाठोडं अजून सोडलंही नव्हतं. तिने होकारार्थी मान हलवली, आणि देवबागच्या सुरूच्या बनात जमलेली शंभर-दीडशे माणसं थक्क झाली. न उघडता कागद मोजले! एकाने तर तिथल्या तिथे वाळूत लोटांगण घातलं.

हे महाराज चार महिन्यांपूर्वी कसालकडून आले. बनात काळा दगड उभा केला, शेंदूर फासला आणि गावाची राखण करणाऱ्या देवचाराचं कोर्ट जाहीर करून टाकलं. गावच्या देवळातही पिढ्यानपिढ्या कौल लागतो, कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते त्यावरून देवाचं उत्तर कळतं, पण तिथला गुरव कधी कुणाला दम देत नाही. यांचा कौल दमदाटीशिवाय सुरूच होत नसे.

"इथे तारखा पडत नाहीत! इथे अपील नाही, जामीन नाही! कागद दुसऱ्याला दाखवलात, झेरॉक्स काढलीत, तर कौल बाटतो. गेल्या साली एकाने ऐकलं नाही. त्याची होडी परत आली. तो नाही आला."

सगळ्यांच्या माना समुद्राकडे वळल्या. तो एकजण कोण, कुठल्या गावचा, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. काकीच्या घरापुढची वाळू दर पावसाळ्यात समुद्र ओढून नेतो. पाण्याची भीती तिला कुणी शिकवायला नको.

पण तिची फिर्याद समुद्राविरुद्ध नव्हती, तिच्याच वकिलाविरुद्ध होती. घराच्या दाव्यात जितेंद्र वकिलाने तिला चिठ्ठी धाडली: 'काकी, बारा तारखेला येऊ नका. तारीख पुढे गेली.' आणि त्याच बारा तारखेला, तिच्या वतीने, घर सोडायला हरकत नाही अशा तडजोडीवर सही करून गृहस्थ मोकळा! ती जाब विचारायला गेली तेव्हा तो गोड हसला.

"काकी, वकिलाक शिक्षा कोण करतलो? पोलीस? आमच्यावर अधिकार एका देवाचो. त्या बनातल्या महाराजाकडे कौल लावा."

शेजारच्या दीपिकाने, ती शाळेत विज्ञान शिकवते, हे ऐकून कपाळाला हात लावला होता. "काकी, वकिलाक सनद देता ती बार कौन्सिल. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोव्याची एकच आसा. तक्रार तीच घेता." तिने अर्ज लिहून दिला. काकीने आज सकाळी ते पाकीट चार शितांनी चिकटवलंही. पण आधी कौल, मग टपाल, असं तिच्या मनाने घेतलं, तेव्हा दीपिकाही तिच्यासोबत बनात आली. चिठ्ठीचं तर तिने दीपिकालाही सांगितलं नव्हतं. कौल बाटला असता ना!

महाराजांनी दगडावर पाकळ्या लावल्या. उजवीकडच्या उजव्या तांब्यातल्या तीर्थाने, डावीकडच्या डाव्या तांब्यातल्या.

"वकील अपराधी असेल तर उजवा कौल दे! निर्दोष असेल तर डावा!"

दुपारचं कडक ऊन, वरून खारा वारा. थोड्याच वेळात डावीकडची एक पाकळी पडली. मग दुसरी. मग तिसरी.

"वकील निर्दोष! हे कागद पापाचे आहेत. खाडीत विसर्जन! आत्ता, या क्षणी!" महाराजांनी गाठोड्यासाठी हात पुढे केला.

शेवटचं डोकं टेकावं म्हणून काकी दगडाशी वाकली, आणि वाकलेलीच राहिली. दगडावर मुंग्यांची रांग चढत होती. डावीकडे एकही नाही. सगळ्या उजव्या पाकळ्यांकडे! तिने एक पाकळी नखाने सोडवली. मागे पांढरी पापडी. सकाळपासून अगदी तशीच पापडी तिच्या बोटावर वाळली होती.

"दीपिका, हयसर ये गो!" तिचा आवाज चिरकला. "ह्या तीर्थ न्हय. ही पेज आसा!"

"हात काढ! घर बुडेल तुझं!" महाराज ओरडले.

"घर तर गेलाच आसा माझा! आता काय बुडवतलास?"

गर्दीतून दीपिका पुढे आली. तिने दोन्ही तांब्यांत बोट बुडवलं. डावीकडे साधं पाणी, उजवीकडे तांदळाची गाळलेली पातळ पेज. पाणी वाऱ्याने सुकतं आणि पाकळी पडते. पेज सुकली की घट्ट धरते. तिने तांब्यांची अदलाबदल केली, नव्या पाकळ्या लावल्या आणि बाजूला झाली. या वेळी उजव्या पाकळ्या पडल्या.

"वकील अपराधी! धरा तेका!" मघाचा लोटांगणवालाच सर्वांत मोठ्याने ओरडला.

"गप रवा!" काकी कडाडली. "मघाशी पेजेन तेका सोडल्यान, आता पेजच तेका फाशी देतली काय? तुमका अक्कल कधी येतली?"

दीपिका म्हणाली, "काकी बोलतत ता खरा आसा. बार कौन्सिलची शिस्तपालन समिती वकिलाचाही ऐकून घेतली. दोषी ठरलो तर समज देतली, वकिली काही काळ बंद करतली, नायतर सनदच काढतली. घरासाठी मात्र परत कोर्टातच झगडूक व्हया. पाकळी ह्यातला काय्येक करूक शकणा नाय. पुरावो करता. आणि तोच पुरावो हे खाडीत बुडवूक निघालेत!"

आता काकीच्या मनातली शेवटची गाठ सुटली.

"महाराज, चिठ्ठी आसा ह्या दोघांकच ठाऊक. एक मी, आणि दुसरो ती लिवणारो. तुमका कोणी सांगल्यान?"

महाराज घाईघाईने तांबे गोळा करू लागले. लोक एकेक करत मागे सरकले. बनाबाहेर उभी असलेली एक पांढरी गाडी हळूच चालू झाली आणि निघून गेली. ती कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो वकील उद्याही याच तालुक्यात असणार, आणि काकीचं घरही. तरी ती थांबली नाही. चिठ्ठीची झेरॉक्स काढली, पाकीट फोडून ती आत घातली आणि पुन्हा शितांनी चिकटवलं.

"खंय धाडतास?" टपाल कचेरीतल्या बाईने रजिस्टरची पावती फाडत विचारलं.

"वकिलाच्या अंगावरचो काळो कोट जे उतरवू शकतत, तेंच्याकडे," काकी म्हणाली. "देवाक कित्याक तरास? तेणी खंय तेका सनद दिल्यान?"