बॉनेटवरचा तडा

तड्याच्या मध्यापासून सात रेघा फुटल्या होत्या आणि त्यांतली सर्वांत लांब अठरा सेंटिमीटर भरली. फायबरच्या बॉनेटला पत्र्यासारखा पोचा पडत नाही. मार बसतो तिथून ते चांदणीसारखं तडकतं, आणि मार कुठे बसला ते लपवत नाही. हा मार जमिनीपासून बहात्तर सेंटिमीटरवर बसला होता. उभ्या माणसाच्या मांडीइतक्या उंचीवर. तड्याच्या कडेत खाकी धागा अडकला होता.

तिचा दीर म्हणत होता, गाडी खांबाला घासली. गेल्या वर्षी कुत्रं आडवं आलं होतं, त्याआधी फाटक. दोन्ही वेळा तिने अंगणातल्या आपल्या फायबरकामाच्या शेडमध्ये तडा घासून, काचधाग्यांच्या मॅटचे थर चढवून, रंगाला रंग मिळवून गाडी नव्यासारखी करून दिली होती. दोन्ही वेळा मापांवरून तिला कळलं होतं, की मार माणसाला बसलाय. घरातलं घरात राहू दे, असं नवरा म्हणाला होता, आणि बोलू पुढे कधीतरी, असं म्हणत तिने वर्ष काढलं होतं. आज सकाळी मात्र कारखान्याचा पहारेकरी रस्त्याकडेला सापडला. अजून शुद्धीवर आला नव्हता. उडवणारी गाडी कोणाची, ते गावभर कुणालाच ठाऊक नव्हतं.

दीर दुपारीच शेडमध्ये येऊन बसला. संध्याकाळपर्यंत गाडी हवी होती. ती तडा मोजतच राहिली, तेव्हा त्याने लाथेने स्टूल उडवलं. भिंतीवर आपटून स्टुलाचा पाय मोडला.

तिचं मन ठरत नव्हतं, पण हात सवयीने चालू झाले. तिने प्लास्टिकच्या मगात रेझिन वजन करून घेतलं, ते घट्ट करणारं हार्डनर थेंबांनी मोजून टाकलं आणि मगावर पेन्सिलीने एक रेघ ओढली. हार्डनर पडलं, अशी ती खूण. ती एकटीच काम करायची, त्यामुळे खूण कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. ती मॅट कापायला वळली.

दिराला वाटलं, बाई मुद्दाम वेळ काढतेय.

"थेंब थेंब मोजत काय बसता, वहिनी? बाळाला गुटी पाजताय का?" असं म्हणत त्याने हार्डनरची अर्धी बाटली मगात उपडी केली आणि काडीने घुसळली.

हातातला मग खाली ठेवा, असं ती सांगेपर्यंत जादा हार्डनरने रेझिन तापून धूर निघू लागला होता. प्लास्टिक वाकलं, तळ सुटला आणि उकळतं रेझिन त्याच्या हातावर ओघळलं. ते पुसायला गेला तर कातडीच निघून आली. तो गुरासारखा ओरडला. मग चांगल्या हाताने त्याने ग्राइंडर उचलला. पहिला घाव तिने तीन महिने खपून केलेल्या साच्यावर पडला आणि साच्याच्या चिरफळ्या उडाल्या. दुसरा तिच्या डाव्या खांद्यावर. आधी हाड मोडल्याचा आवाज आला, दुखलं नंतर. ती गुडघ्यांवर बसली. तिसरा घाव डोक्यावरून गेला आणि तिच्यामागे भिंतीवरचा आरसा फुटला.

नवरा धावत आला. त्याने भावाच्या हातून ग्राइंडर काढून घेतला, त्याला नळाशी नेलं, भाजलेला हात पाण्याखाली धरला. कपाळावरचा घामही पुसला. मग तिथूनच, मान न वळवता, तिला म्हणाला, "दवाखान्यात शिडीवरून पडले म्हणून सांग. काय झालं न् कसं झालं, उगाच फाटे नकोत."

डावा हात मांडीवर ठेवायला तिला उजव्याने उचलावा लागला. बोटं हलत नव्हती. आरशाच्या काचेने कानामागे कापलं होतं, रक्त गळ्यात उतरत होतं.

नळाजवळून दीर दात विचकून हसला. "उजवा शाबूत आहे ना, वहिनी? मग तडा भरायला घ्या."

ती भिंतीला टेकत उठली. उभी राहायला तिला बराच वेळ लागला. दोघं भाऊ बघत राहिले.

"पहारेकऱ्याला भाऊजींनी उडवलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "आधीच्या दोघांनाही. मी पोलिसांत जाऊन सांगणार आहे."