झोरियातली सभा

मे महिन्यात उत्तरेकडचं रान पेटलं. सभा गुरुवारची ठरली होती, आणि मंगळवारी गावच्या हॉलमध्ये खाटा लागल्या.

सभा ठरवणारा माझा नवरा, ऑरेस्ट. आमच्या अल्बर्टा प्रांतानं कॅनडातून फुटून निघावं आणि स्वतःचा देश करावा, यासाठी आमच्या झोरिया गावात जे पंचवीस-तीस लोक जमतात, त्यांचा हा म्होरक्या. आयुष्य गॅसच्या प्लांटवर गेलं त्याचं. पाइपलाइन होणार होणार म्हणत राहिले, ती झाली नाही. मग प्लांटवरची माणसं कमी केली, त्यात हा. तेव्हापासून आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ओटावा, म्हणजे तिथलं केंद्र सरकार, असतंच. मीठ कमी पडलं तरी दोष ओटावाचा.

"निवडणुकीच्या दिवशी आपली मतं मोजायच्या आधीच तिकडे पूर्वेला सरकार ठरलेलं असतं," तो म्हणायचा. "टीव्हीवर नावं येतात आणि आपण अजून रांगेत उभे. मग कशाला जायचं मत द्यायला?"

"नको जाऊ," मी म्हणायचे. पण तो जायचा, मीही जायचे. त्याचं एकीकडे, माझं दुसरीकडे. मला देश मोडायला नको होता. का, ते नीट सांगता यायचं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस कारणं द्यायचं सोडून देतो.

तर आग आली, आणि आग विझवायला पूर्वेकडच्या क्वेबेक प्रांतातून वीस जणांची तुकडी आली. नेमकी क्वेबेकहून! ऑरेस्ट म्हणाला, "आपल्या तेलावर जगतात, आपली पाइपलाइन अडवतात, आणि आता आपल्याच हॉलमध्ये घोरणार."

"तू जा मग, विझवून ये," मी म्हणाले आणि स्वयंपाकाला गेले. हॉलच्या स्वयंपाकघराची जबाबदारी माझ्याकडे असते. आम्ही सहा बायका बटाटा भरलेल्या पेरोही, म्हणजे उकडायच्या करंज्या, वळत बसलो होतो. ती माणसं संध्याकाळी परतायची तेव्हा नुसते डोळे पांढरे, बाकी सगळं काजळी.

त्यांचा मुकादम रेजाँ बोल्दुक, साठीच्या आसपासचा. बोलणं फ्रेंच, इंग्रजी मोडकं. पहिल्याच दिवशी आमच्या गाडीशी थांबला आणि मागच्या काचेवरचं 'स्वतंत्र अल्बर्टा'चं स्टिकर वाचून हसायला लागला. ऑरेस्ट तिथेच होता.

"हसायला काय झालं?"

"माझा बाप. त्याच्या गाडीवर असंच. स्वतंत्र क्वेबेकचं. गाडी गंजून गेली, स्टिकर शाबूत."

ऑरेस्टनं हात खिशात घातले. "तुमचं बरं आहे. दर वेळी रुसायचं आणि दर वेळी लाड करून घ्यायचे. फुटून निघायचं दोनदा मतदान घेतलंत, आणि ओटावा तुमच्या पुढेपुढे."

"लाड?" रेजाँनं तोंड पुसलं, काजळी आणखी पसरली. "आमच्या गावची कागदाची गिरणी बंद. कोणी मिठाई घेऊन नाही आलं."

"तू काय मत दिलंस?"

"'हो' असं दिलं. पंच्याण्णव साली. एका स्टेडियमभर माणसं कमी पडली. एवढीच."

"आणि मग?"

"मग काय, मंगळवार उजाडला. बायकोचं कपडे धुवायचं मशीन बिघडलेलं. ते उघडलं." त्यानं टोपी मागे सारली. "खूप रडलो होतो मी. मशीनमागे बसून. ती म्हणाली, पाणी कुठून गळतंय?"

मला हसू आलं. ऑरेस्टलाही आलं असावं, पण तो वळून निघून गेला.

बुधवारी वारा आमच्या बाजूला वळला. आमचं घर गावाबाहेर, आणि घराच्या पश्चिमेला माझ्या सासऱ्यांनी लावलेली स्प्रूसच्या झाडांची रांग. त्या सपाट माळावर वारा अडवायला दुसरं काही नाही. सासरे वारले तेव्हा शेवटचं बोलले तेसुद्धा झाडांना पाणी घाल एवढंच. रेजाँ येऊन उभा राहिला, रांगेकडे बघितलं, घराकडे बघितलं.

"ही झाडं जायला पाहिजेत," तो म्हणाला. "डिंक भरलेला. पेटली की घर मिनिटात. मागे दुसरी घरं, मग गाव."

"ही झाडं माझ्या बापानं लावली."

"हो. दिसतं. सरळ लावली."

ऑरेस्ट त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता शिव्या देणार. शेजाऱ्याकडचा बुलडोझर रस्त्यावर उभाच होता. रेजाँचा एक माणूस चढायला लागला, तर ऑरेस्ट म्हणाला, "उतर. मी करतो."

संध्याकाळपर्यंत त्यानं सगळी रांग आडवी केली. मी खिडकीतून बघत होते, मग बघवेना म्हणून बटाटे सोलत बसले. जेवायला आला तेव्हा त्याच्या हातांना डिंकाचा वास होता. साबणानं गेला नाही.

पहाटे वारा फिरला. आग ओढ्यापलीकडून पूर्वेला गेली. आमच्या बाजूला ठिणगीसुद्धा आली नाही.

रेजाँ सकाळी आला. आडव्या झाडांपाशी टोपी काढून उभा राहिला. "माफ करा, मादाम. आली असती तर इथूनच आली असती."

"ठाऊक आहे," ऑरेस्ट माझ्या मागून म्हणाला. "मीही तेच सांगितलं असतं."

बस, इतकंच. दोघांनी कॉफी घेतली.

आणि त्याच गुरुवारी सभा. हॉलमध्ये खाटा, म्हणून शेजारच्या शेडमध्ये घ्यायची ठरली. हिवाळ्यात तिथं बर्फ करून कर्लिंग खेळतात. पत्र्याचं छप्पर, आणि हॉलची व शेडची भिंत एकच. कॅल्गरीहून लँडन कॅल्डर नावाचा तरुण वक्ता आला होता. बूट नवे कोरे, आवाज मोठा. रेजाँची माणसं पलीकडे आडवी झाली होती, पहाटे अंधारात पुन्हा निघायचं होतं त्यांना. मी कॉफीचं भांडं घेऊन दाराशी उभी होते.

"मित्रांनो!" कॅल्डर गरजला आणि पत्रा थरथरला. "तुमचं रान जळतंय! आणि ओटावा काय करतंय? झोपलंय! तुमच्यासाठी कोण धावून आलं? कोणी नाही!"

दोन-चार टाळ्या पडल्या. ऑरेस्ट पहिल्या रांगेतून उठला.

"हळू बोल," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"हळू बोल म्हटलं. पलीकडे माणसं झोपली आहेत."

"दादा, हा आपल्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे—"

"माहिती आहे मला कशाचा आहे. ही सभा मीच ठरवली. तू बोल, सगळं बोल, पण हळू. आणि 'कोणी नाही' ते तेवढं गाळ."

कोणीतरी खुदकन हसलं. मग ती सभा कुजबुजत झाली. कॅल्डर पुढे वाकून पाइपलाइनबद्दल, करांबद्दल, सतत डावललं जाण्याबद्दल बोलत होता, जणू आजाऱ्याच्या खोलीत बसलाय. लोक माना डोलवत होते. गंमत म्हणजे ऐकायला ते जास्त खरं वाटत होतं. ओरडण्यातला राग गेला आणि उरलं ते मलासुद्धा पटण्यासारखं होतं, बरंचसं. भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येत होता.

घरी येताना मी म्हणाले, "बदललास की काय?"

"नाही," तो म्हणाला. "तो म्हणाला त्यातलं काय खोटं होतं? एक वाक्य सोडून."

पुढच्या आठवड्यात पाऊस लागला आणि तुकडी गेली. रेजाँनं जाताना पेरोहीची कृती मागितली. मी सांगितली, त्यानं लक्षात ठेवली असेल की नाही, देव जाणे.

आता पश्चिमेचा वारा थेट स्वयंपाकघराच्या खिडकीवर येतो. ऑरेस्टनं नवी रोपं आणली, हातभर उंचीची. ती वारा अडवायच्या उंचीची होतील तेव्हा आम्ही दोघंही नसू. लावतो आहे तरी. सभांना अजून जातो, पण लवकर परततो आणि काय झालं ते सांगत नाही. मीही विचारत नाही.

परवा जेवताना म्हणाला, "खरंच मतदान झालं तर तू 'नाही'च देणार ना?"

"नाहीच."

"आणि मी हो. म्हणजे आपली दोघांची मिळून बेरीज शून्य. घरीच बसू की, पेट्रोल वाचेल."

"बसायचं?"

त्यानं थोडा विचार केला. बाहेर वारा चालूच होता.

"छे," तो म्हणाला. "जाऊ. एकाच गाडीनं जाऊ."